जर्मनी की अमेरिका : घरातून पहिल्यांदाच कुणी एमएसला निघतं तेव्हा

एमएस म्हणजे मास्टर्सला कुठे जायचं, हा प्रश्न ठाणे-नवी मुंबईतली इंजिनीअरिंगची मुलं बहुधा पगारावरून सोडवतात. डॉलर जास्त, म्हणून अमेरिका. ज्यांच्या घरात आधी कुणी परदेशात शिकलेलं नाही, त्यांनी मात्र उलट्या टोकाकडून बघावं. नोकरी लागायला सहा-आठ महिने उशीर झाला, तर हप्ता कोण भरणार आणि तिथे राहता किती दिवस येणार?

आधी पैसे. अमेरिकी विद्यापीठाच्या आय-२० वर (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म) फी आणि राहणं मिळून वर्षाला ४० ते ६० हजार डॉलर हा आकडा नेहमीचा. समजा ५० लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी काढलं. अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि पुढचे सहा महिने काही भरलं नाही, तर सरळव्याजाचेच तेरा लाख चढतात. मग दहा वर्षांच्या मुदतीत हप्ता बसतो महिना ८५ हजारांच्या आसपास. वडील रिटायरमेंटला आलेले असतील, तर हा आकडा जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवा.

जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, सेमिस्टरला शंभर ते साडेतीनशे युरोंची वर्गणी असते. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरायचे आणि तिथे गेल्यावर महिना ९९२ युरो काढायचे. युरो १०० रुपयांना धरला तर हे बारा लाखांच्या आत बसतं. त्याच अटींवर १५ लाखांचं कर्ज काढलं, तर हप्ता साडेपंचवीस हजार. यात दुसरं वर्ष पार्टटाइम कामावर निघेल असं गृहीत धरलं आहे. आणि ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे सरसकट खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली आहे.

वाशीत किंवा ठाणे स्टेशनजवळ कन्सल्टन्सीत गेलात आणि जर्मनीच्या नावाखाली फक्त खासगी विद्यापीठंच पुढे आली, तर समजून घ्या. मुलं पाठवल्याचं कमिशन खासगीवाल्यांकडून मिळतं.

कर्ज खरं अडतं ते तारणावर. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत. त्यापुढे घराचे कागद लागतात आणि आपल्याकडे घोळ तिथेच आहे. सिडकोच्या भाडेपट्ट्यावरचा फ्लॅट गहाण ठेवायला सिडकोचं ना हरकत पत्र लागतं. गावठाणालगतचं गरजेपोटी विनापरवाना बांधलेलं घर कितीही पक्कं असलं तरी बँक सहसा हात लावत नाही, आणि ठाण्यातल्या ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) नसलेल्या इमारतींची तीच गत. मग माणूस चढ्या व्याजाच्या फायनान्स कंपनीकडे वळतो आणि वरचं सगळं गणित बिघडतं. म्हणून प्रवेशासाठीच्या परीक्षांच्या क्लासची फी भरण्याआधी घराची फाइल बँकेत दाखवून या. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत आणि पात्र असाल तर अर्ज जरूर करा, पण त्यांचं वेळापत्रक विद्यापीठाच्या फीच्या तारखांशी जुळेलच असं धरून चालू नका.

प्रवेशाच्या वेळी जर्मनी जास्त काटेकोर. एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं प्रमाणपत्र, भारतीयांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे, त्याचे १८ हजार रुपये. मग गुण जर्मन पद्धतीत बदलतात : कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा. सीजीपीआय (दहापैकी सरासरी ग्रेड) ८.२ असेल आणि उत्तीर्णतेचा आकडा ४ धरला, तर येतात १.९. तोच ५ धरला तर २.०८. तिथे जितका कमी तितका चांगला, आणि जिथे मर्यादा २.० असते तिथे एवढ्यानेही अर्ज बाद होतो. तेव्हा मार्कलिस्टच्या मागे छापलेली ग्रेडची तक्ती नीट स्कॅन करा. याशिवाय गणित आणि थिअरेटिकल कॉम्प्युटर सायन्सचे क्रेडिट विषयवार मोजले जातात. तीन वर्षांच्या बीएससी आयटीवाल्यांची गाडी इथे अनेकदा अडते.

केटीची (राहिलेला पेपर पुन्हा देण्याची) सवय तर तिथे महागात पडते. एक पेपर देण्याची संधी बहुतेक ठिकाणी तीनदाच. तिसऱ्यांदाही सक्तीचा पेपर राहिला, तर नाव कमी होतं आणि त्याच विषयाला जर्मनीत इतरत्र प्रवेश मिळणंही अवघड होऊन बसतं. अमेरिकेत चारपैकी ३.० च्या खाली जीपीए (सरासरी ग्रेड) गेला की प्रोबेशन लागतं, सावरायला वाव असतो. व्हिसाचं मात्र उलट आहे. बीकेसीतल्या वकिलातीत दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीत निकाल लागतो. हेच विद्यापीठ का आणि पैसा कुठून, ही दोन उत्तरं घोकलेली वाटली की पंचाईत.

आता नोकरी. अमेरिकेत पदवीनंतर ओपीटीचे (विद्यार्थी व्हिसावरच नोकरीच्या परवानगीचे) १२ महिने आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनीअरिंग, गणित) विषयाला आणखी २४. पण पहिल्या वर्षात बेरोजगारीचे ९० दिवसच चालतात. पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत आहे, वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २० हजार. २०२६ पासून जास्त पगाराच्या पातळीला सोडतीत जास्त वजन आहे, म्हणजे नवख्यांची बाजू आणखी पडती. ग्रीनकार्डाची भारतीयांची रांग तर दशकापेक्षा लांब.

जर्मनीत काम शोधायला पदवीनंतर १८ महिने मिळतात. ब्लू कार्डावर (कुशल नोकरदारांच्या परवान्यावर) बी१ म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो. पगार अमेरिकेपेक्षा बराच कमी, कर जास्त. आणि इंग्रजीत मास्टर्स झालं तरी बर्लिन-म्युनिक सोडलं की मुलाखत बहुधा जर्मनमध्येच होते. ए१ वर, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पायरीवर, गेलेली पोरं गोदामात डबे उचलतात, बी१-बी२ वाली वेर्कश्टुडंट (शिकता शिकता कंपनीत काम करणारे) म्हणून सॉफ्टवेअर टीममध्ये बसतात.

आमचा कौल असा : घराचे कागद कच्चे, सीजीपीआय आठच्या वर आणि हातात दीड वर्ष असेल, तर जर्मनी. असिस्टंटशिप (विद्यापीठातच पगारी काम) हातात असेल, किंवा ऐरोली-महापेत दोन-तीन वर्षं नोकरी करून निम्मा पैसा स्वतः जमवला असेल, तर अमेरिकेची जोखीम घ्यायला हरकत नाही. केटी गणिताच्याच असतील तर जर्मनीचा हट्ट धरू नका.

जर्मनीला जायचं ठरलं तर हिवाळी सत्राच्या अर्जाची १५ जुलै ही नेहमीची शेवटची तारीख डोक्यातून काढा. बऱ्याच विभागांची मुदत मार्च ते मेमध्येच संपते. एपीएसची कागदपत्रं आदल्या सप्टेंबरात पाठवा आणि जर्मनचा क्लास तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच लावा.