एस्कम की किल्पेक?

इंग्लंडमधली मध्ययुगीन गावचर्चं पाहायची आणि हाताशी एकच दिवस असेल, तर एस्कम गाठावं की किल्पेक?

डरम परगण्यातलं एस्कम सातव्या शतकातलं, सॅक्सन काळातलं, म्हणजे नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकण्याआधीचं. अरुंद, उंच, खिडक्या इवल्याशा. नक्षी जवळजवळ नाहीच. दगड बहुधा जवळच्या बिंचेस्टरच्या रोमन किल्ल्यातून उचललेले. एका दगडावर रोमन सैन्याच्या सहाव्या लिजनचा (सैन्यदलाचा) लेख आहे, आणि गवंड्याने तो चक्क उलटा बसवलाय! त्याला अक्षरांशी काय देणंघेणं. दगड चौकोनी होता, बस्स.

हेरेफर्डशायरमधलं किल्पेक साधारण 1140 च्या सुमाराचं, नॉर्मन राजवटीतलं. तांबूस वालुकाश्म, पूर्वेला अर्धवर्तुळाकार गाभारा. दक्षिण दाराच्या खांबांवर वेली, साप, सैल तुमानीतले योद्धे, कमानीखाली जीवनवृक्ष. छताखालच्या तोड्यांवर, म्हणजे भिंतीतून पुढे आलेल्या आधाराच्या दगडांवर, कुत्रा-ससा शेजारी शेजारी, आणि योनी उघडून दाखवणारी प्रसिद्ध स्त्रीमूर्ती, ‘शीला-ना-गिग’. तिचा अर्थ काय, यावर अभ्यासक अजून भांडतात.

फोटोंसाठी किल्पेकच, वादच नाही. मी मात्र एस्कमला जाईन. किल्पेकची मजा बरीचशी बाहेरून कळते. एस्कमची उंची आत उभं राहून मान वर केल्याशिवाय कळत नाही.