काळ्या रंगाखाली क्रोम तसाच होता

मागच्या पावसाळ्यात ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, कापूरबावडीजवळ, सांडलेल्या खडीवरून गाडी घसरली. मला फारसं लागलं नाही. पण बाबांच्या येझदी मोटारसायकलचा उजवा सायलेन्सर आणि बेंड पाइप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) रस्त्यावर घासत गेला. क्रोमवर खोल ओरखडे पडले आणि महिन्याभरात त्यांतून गंज दिसायला लागला. बाबांनी ही गाडी तीस वर्षं लेकरासारखी जपली होती, त्यामुळे ते बघवत नव्हतं. दोन्ही बाजूंना काळं हीटप्रूफ कोटिंग करून घ्यायचं ठरवलं.

वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपवाल्याने सांगितलं, "साहेब, आधी सँडब्लास्टिंग, मग सहाशे डिग्रीचा पेंट, वर भट्टीत भाजून देतो. चार हजार दोनशे." सँडब्लास्टिंग म्हणजे दाबाच्या हवेने वाळूचा मारा करून जुना थर काढणं. मी अडीच हजार आगाऊ दिले. साध्या कागदावर आकडा लिहून मिळाला, त्यावर ना शिक्का ना जीएसटी नंबर. तिसऱ्या दिवशी माल तयार. आरशासारखा काळा, ओरखड्याचा मागमूस नाही. मी खूश होऊन उरलेले पैसे दिले.

खरं तर संशय तिथेच यायला हवा होता. हे सिलिकॉनचे हीटप्रूफ रंग बहुतेक मंद, मॅट दिसतात आणि थर पातळ असतो. ओरखडे त्याखाली लपत नाहीत. ते घासूनच काढावे लागतात, फारच खोल असतील तर वेल्डिंगने भरून पुन्हा घासावे लागतात. तीन दिवसांत गुळगुळीत झाले याचा अर्थ आत काहीतरी भरलेलं होतं.

सोमवारी रबाळ्याला कामावर निघालो. कळवा पूल ओलांडून विटाव्यापर्यंत आलो तर जळक्या प्लास्टिकचा वास. दिघ्याला गाडी बाजूला घेतली. इंजिनाजवळ बेंडवर रुपयाएवढे फोड आले होते आणि त्यातून धूर निघत होता. मागच्या टोकाला मात्र रंग अगदी व्यवस्थित, कारण तिथे तेवढी उष्णता पोचतच नाही. दुकानात दाखवायला हेच टोक पुढे केलं जातं.

गाडी थंड झाल्यावर चावीने खरवडून पाहिलं. वर काळा रंग, त्याखाली करडा प्रायमर, ओरखड्यांत गाडीच्या बॉडीला लावतात ती पुट्टी, आणि सगळ्याच्या तळाशी चकाकता क्रोम. ब्लास्टिंग झालं असतं तर क्रोमची ती चकाकी उरलीच नसती. वाळूच्या माऱ्याने धातू एकसारखा राखाडी, खरखरीत होतो आणि रंगाला पकड मिळते ती त्या खरखरीतपणामुळे. गुळगुळीत क्रोमवर रंग नुसता टेकलेला असतो. पुट्टी तर बॉडीच्या पत्र्यासाठी असते. एक्झॉस्टची उष्णता तिला सोसत नाही, ती फुगून वरचा रंग उचलते.

परत गेलो तर उत्तर मिळालं, "गरम पाइपवर पाणी पडलं असेल, गॅरंटी जाते." खरवडलेला क्रोम दाखवला तेव्हा मालक फोन घेऊन बाहेर निघून गेला. पैसे परत मिळाले नाहीत.

उजवी बाजू नंतर रबाळे एमआयडीसीत ब्लास्टिंग करणाऱ्या एका काकांकडून करून घेतली. हे काम कसं व्हायला हवं ते मला तिथे कळलं. येझदी टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं आणि सांध्यांतून तेलकट काजळी झिरपते. म्हणून आधी ती धुऊन काढली. तेल राहिलं तर पुढचं सगळं फुकट. मग दोन्ही तोंडं चिंध्यांनी बंद केली, म्हणजे वाळू आत जात नाही. ओरखड्यांच्या कडा जाड एमरीने उतरवल्या, नंतर बारीक पेपर, मग ब्लास्टिंग. त्यानंतर काकांनी मला मुद्दाम बोलावलं, "बघा, हा उघडा धातू. फोटो काढून घ्या." हातमोजे घातल्याशिवाय हात लावू दिला नाही, कारण बोटांचं तेलही रंग धरू देत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत उघडं लोखंड काही तासांत तांबूस पडतं, म्हणून हवेने धूळ उडवून, थिनरने पुसून त्याच दिवशी रंग मारला. प्रायमर नाही, पुट्टी नाही, फक्त पातळ थर. डबा माझ्यासमोर उघडला. तापमान आणि भाजण्याची रीत डब्यावर छापलेली होती, ती मी वाचून घेतली.

तुमचा पार्ट रंगायला जाणार असेल तर रंग लागण्याआधी तो उघडा बघायला मिळेल का, एवढं आधी विचारा. "कशाला चक्कर मारता, साहेब?" असं उत्तर आलं तर पार्ट उचलून घरी आणा. आणि पक्कं बिल घ्या. त्यावर ब्लास्टिंग आणि रंगाची तापमानमर्यादा लिहून घ्या. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवायला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न बिलाचाच होता. माझ्याकडे तो साधा कागद आणि फोटो आहेत. डावा बेंड मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, काळा रंग आणि त्याखालच्या क्रोमसकट, वर्तमानपत्रात गुंडाळून. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत बाबांची गाडी सोसायटीच्या आवारात उभी राहील.