सहा चौकटींची चिंतनवही: घ्यावी, पण छापील आखणीवर विसंबू नये

सामाजिक कार्यकर्त्यांसाठीच्या या तयार वहीत शिक्षणतज्ज्ञ ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८चं चिंतनचक्र, म्हणजे घडलेल्या अनुभवावर सहा टप्प्यांत विचार करण्याची पद्धत, एका पानावर आखलेलं असतं: काय घडलं, काय वाटलं, काय जमलं-फसलं, असं का झालं, आणखी काय करता आलं असतं, पुढच्या वेळी काय करणार.

खोट आखणीत आहे. सहाही चौकटी सारख्याच मापाच्या. पहिली गृहभेटीच्या वर्णनाने भरून वाहते आणि चौथी, म्हणजे विश्लेषणाची, दोन ओळींत आटोपते. खरं तर निम्मं पान तिलाच हवं. सोपा उपाय: वर्णन पाच ओळींत संपवायचं आणि चौथी चौकट मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायची.

वर्णनातच निकाल घुसतो, तेही बघा. ‘आई सहकार्य करत नाही’ हे निरीक्षण नव्हे. ‘आईने दार अर्धंच उघडलं, प्रश्न विचारल्यावर मुलाकडे पाहिलं’ हे निरीक्षण. असं लिहिलं की चौथ्या चौकटीत विचारायला काहीतरी उरतं: ती कुणाला घाबरत होती? आपल्या हातातल्या फॉर्मला तर नाही?

शेवटच्या चौकटीत ‘संवाद सुधारेन’ लिहिणं म्हणजे पान वाया. ‘पुढच्या भेटीत पहिली दहा मिनिटं फॉर्म पिशवीतच’ असं लिहा; केलं की नाही, ते तपासता येतं.

नोंद त्याच दिवशी व्हावी. खरी नावं, पत्ते अजिबात नकोत. ही केस फाइल नाही. पर्यवेक्षकासोबतच्या बैठकीला एकच नोंद न्यावी, अख्खी वही नको. वही तपासली जाणार हे कळलं, की माणसं शहाण्यासारखं लिहू लागतात.