मराठी ई-पुस्तकांसाठी फोन की ई-रीडर?

ई-रीडर, म्हणजे कागदासारख्या पडद्याचे खास पुस्तके वाचण्याचे यंत्र, विकत घ्यावा की हातातल्या फोनवरच वाचावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा डोळ्यांपासून सुरू होते आणि तिथेच संपते. मुख्यतः इंग्रजी वाचणाऱ्यासाठी ते ठीक आहे, कारण त्याला हवे ते पुस्तक बहुतेक वेळा दोन्ही ठिकाणी सारख्याच रूपात मिळते. मराठी वाचकाने मात्र येत्या वर्षभरात आपण नेमके काय वाचणार आहोत आणि ते कोणत्या स्वरूपात उपलब्ध आहे, हे आधी पाहावे आणि पडद्याचा विचार नंतर करावा.

किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरच्या ऑनलाइन दुकानात मराठीसह काही भारतीय भाषांचा स्वतंत्र विभाग २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाला. तिथली मराठी पुस्तके ई-रीडरवर उत्तम वाचता येतात. अक्षर लहान-मोठे करता येते आणि पानाची मांडणी त्यानुसार आपोआप बदलते. परंतु मराठी ई-पुस्तकांचा मोठा भाग या दुकानाबाहेर आहे. बुकगंगा या मराठी पुस्तकांच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले ई-पुस्तक त्यांच्याच ॲपमध्ये उघडते आणि ते ॲप किंडलवर चालत नाही. दिवाळी अंकांच्या डिजिटल आवृत्त्या पाहायच्या, तर त्यांतली व्यंगचित्रे आणि रंगीत मुखपृष्ठे ई-रीडरच्या करड्या छटांच्या पडद्यावर निस्तेज होतात. ई साहित्य प्रतिष्ठानची विनामूल्य पुस्तके किंवा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने संकेतस्थळावर खुली केलेली पुस्तके पीडीएफ स्वरूपात मिळतात, आणि खरी अडचण या पीडीएफपाशीच येते, कारण त्यात पानाची मांडणी पक्की असते.

डेमी आकाराच्या छापील पानाची रुंदी सुमारे साडेपाच इंच असते. सहा इंची ई-रीडरचा पडदा उभा धरल्यास जेमतेम साडेतीन इंच रुंद भरतो, म्हणजे स्कॅन केलेले पान त्यावर बसवताना चौदा पॉइंटांचे अक्षर नऊ पॉइंटांवर येते, आणि अनुस्वार व रफार शोधत वाचावे लागते. यंत्र आडवे धरले तर रुंदी पावणेपाच इंचांपर्यंत जाते खरी, पण पान सरकवताना पडदा दर वेळी लुकलुकतो आणि मागच्या मजकुराची पुसट सावली रेंगाळते. साडेसहा इंची फोन आडवा धरला, तर तेच पान जवळपास सहा इंच रुंद, म्हणजे मूळ आकाराहूनही किंचित मोठे दिसते आणि बोटाने अलगद वर सरकते. जुन्या स्कॅन केलेल्या पुस्तकांच्या बाबतीत फोन सरस ठरतो, ही गोष्ट ई-रीडरची तरफदारी करणारे सहसा सांगत नाहीत. पीडीएफचे रूपांतर करून घेण्याचा मार्गही नेहमी उपयोगी पडत नाही, कारण युनिकोड ही सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरसंकेतांची पद्धत येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेल्या मजकुराचे रूपांतर केले की ओळीच्या ओळी निरर्थक रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या होऊन बसतात.

याउलट, मजकूर प्रवाही स्वरूपात, म्हणजे अक्षराच्या आकारानुसार मांडणी बदलणारा असेल आणि वाचन तासभर किंवा त्याहून अधिक चालणार असेल, तर ई-रीडरला तोड नाही. ई-रीडरच्या ई-इंक प्रकारच्या पडद्यात सूक्ष्म कोश असतात आणि त्यांत विद्युतभारित काळे व पांढरे कण असतात. विद्युतदाब बदलला की त्यांतले एका रंगाचे कण वर येतात आणि तिथेच थांबतात. उमटलेले पान टिकवायला वीज लागत नाही, म्हणून चार्जिंग आठवड्यांच्या हिशेबाने चालते. बाहेरचा उजेड जितका जास्त, तितके अक्षर स्पष्ट दिसते. एप्रिलच्या दुपारी एसटीच्या खिडकीशी बसून वाचणाऱ्याला हा फरक पहिल्याच पानावर कळतो, कारण फोनच्या काचेत तेव्हा स्वतःचाच चेहरा दिसत असतो. अंधारातल्या वाचनासाठी बहुतेक नव्या ई-रीडरमध्ये कडेला दिवे असतात, पण त्यांचा प्रकाश डोळ्यांकडे न येता पडद्यावर पडतो.

झोपेविषयीचे दावे थोडे सबुरीने घ्यावेत. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या आणि वारंवार उद्धृत होणाऱ्या एका अमेरिकी अभ्यासात झोपण्यापूर्वी काही तास प्रकाशमान पडद्यावर वाचणाऱ्यांना झोप उशिरा लागल्याचे आढळले होते. मात्र त्यात तुलना टॅब्लेट आणि छापील पुस्तक यांची होती, आणि टॅब्लेटचा प्रकाश पूर्ण ठेवलेला होता. फोनचा प्रकाश मंद करून रात्री अर्धा तास वाचणाऱ्याने त्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही.

माझ्या मते रात्रीच्या वाचनाचा मोठा शत्रू प्रकाश नसून व्हॉट्सॲप आहे. फोनवर कादंबरीचे प्रकरण रंगात आलेले असताना वर सोसायटीच्या गटातला पाण्याच्या टँकरचा निरोप झळकतो, त्याला उत्तर दिले जाते, आणि परत येईपर्यंत लेखकाने बांधलेला धागा सुटलेला असतो. सूचना बंद ठेवता येतात हे खरे. पण रोज रात्री निग्रहाने तसे करणारे वाचक थोडेच. शिवाय फोनच्या उभ्या पडद्यावर अक्षर मोठे केले की ओळीत चार-पाच शब्दच मावतात, आणि लांब सामासिक शब्द आला की उरलेल्या शब्दांमध्ये मोठ्या फटी पडतात. चाळिशीचा चष्मा लागलेल्यांना हे विशेष जाणवते. दृष्टी फारच अधू असलेल्यांसाठी मात्र फोनच बरा, कारण त्यावर मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय आहे.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये भारतात आलेल्या किंडल पेपरव्हाइटची जाहीर किंमत १६,९९९ रुपये होती. साडेतीनशे रुपयांच्या मराठी कादंबऱ्या धरल्या तर तेवढ्यात सुमारे अठ्ठेचाळीस प्रती येतात. वर्षाला पाच-सहा पुस्तके वाचणाऱ्याने या फंदात पडू नये. अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक रीडर हा मधला मार्ग आहे, कारण त्यांवर निरनिराळ्या दुकानांची ॲप टाकता येतात; पण ती ॲप फोनच्या पडद्यासाठी बनवलेली असल्याने ई-इंकवर अडखळतात.

तेव्हा दिवाळी अंक, बुकगंगावरची खरेदी आणि स्कॅन केलेली जुनी पुस्तके हेच ज्यांचे वाचन आहे, त्यांनी फोनवरच वाचावे, फार तर थोडा मोठा टॅब्लेट घ्यावा. जे किंडलवरची मराठी पुस्तके आणि जोडीला इंग्रजी कादंबऱ्या रोज सलग वाचतात, त्यांनी ई-रीडर घ्यायला हरकत नाही. मात्र जुना वापरलेला स्वस्तात मिळतो म्हणून घाई करू नये. किंडलच्या सर्वांत साध्या प्रकारात २०२२ पूर्वी इंचाला १६७ बिंदूंचा पडदा असे, तर आता ३०० बिंदूंचा असतो. रोमन अक्षर कमी बिंदूंतही निभावून जाते, पण देवनागरीत वर-खाली चढणाऱ्या मात्रा आणि जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. विक्रेत्याला एखादे मराठी पान लहान अक्षरात उघडून दाखवायला सांगावे आणि त्यातले ‘दारिद्र्य’, ‘उद्ध्वस्त’, ‘ऱ्हास’ असे शब्द न अडखळता वाचता येतात का ते पाहूनच पैसे मोजावेत.