बुटका, झेड की छोटा रॅचेट? अडचणीतल्या स्क्रूसाठी आधी काय घ्यावं

सिंकखालच्या कपाटात डोकं घालून बिजागरीचा स्क्रू आवळायचा प्रसंग बहुतेकांवर येतो. स्क्रू दिसत असतो, हातही पोचतो. पण घरातला नेहमीचा स्क्रूड्रायव्हर मुठीसकट फूटभर लांब आणि समोरच्या फळीपर्यंत जागा वीतभरही नाही. मग आपण तो तिरका धरतो. मीही धरला होता. तीन-चार फेऱ्यांतच स्क्रूची खाच घासून गुळगुळीत झाली आणि पाच मिनिटांचं काम दुपारभर पुरलं. त्यानंतर तीन छोटी हत्यारं घेतली. तीन-चार वर्षं ती वापरतोय, आणि तिन्हींची गरज प्रत्येकाला नसते असं माझं ठाम मत झालं आहे.

दुकानात जाण्याआधी एक मोजमाप करा. स्क्रूच्या डोक्यापासून समोरच्या अडथळ्यापर्यंत किती अंतर आहे? 12 सेंटीमीटर असेल तर बुटका स्क्रूड्रायव्हर पुरतो. दुकानदार त्याला स्टबी म्हणतात. तो स्वतः जेमतेम 9 सेंटीमीटरचा, पण मागे तळवा मावायला हवा. अंतर पाच-सहा सेंटीमीटर असेल तर छोटा बिट-रॅचेट, म्हणजे बदलता येणारं टोक (बिट) बसवून मागेपुढे हलवायचा, एकाच दिशेने स्क्रू फिरवणारा दांडा, आणि त्याहून कमी असेल तरच दोन्ही टोकं काटकोनात वळवलेला झेडसारखा स्क्रूड्रायव्हर.

बुटक्याची ताकद कमी, असा एक समज आहे. स्क्रू फिरवायचा जोर दांड्याच्या लांबीवर नसतो, मुठीच्या जाडीवर असतो. त्यामुळे बारीक, गुळगुळीत मुठीचा बुटका घेऊ नका. तळव्यात भरेल अशा जाड, खाचांच्या मुठीचा घ्या. त्याचा खरा फायदा वेगळाच आहे. स्टार, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या खाचेच्या स्क्रूत खाचेच्या भिंती उतरत्या असतात, त्यामुळे जोर लावला की टोक आपोआप बाहेर ढकललं जातं. ते आत दाबून धरायला तळवा बरोबर मागे हवा, आणि तशी सोय या तिघांत फक्त बुटक्यात आहे. किंमत बहुधा दीडशेच्या आत. एकच घ्यायचं असेल तर हेच घ्या, तेही स्टारमध्ये 2 नंबरचं. घरातल्या बिजागऱ्या, कड्या, हँडल यांना बहुतेक वेळा तेच लागतं.

रॅचेटचं गणित उलटं आहे. बोटभर लांबीचा दांडा तरफेसारखा काम करतो, म्हणून जोर भरपूर. पण मागून दाबायला जेमतेम अंगठा. स्टार स्क्रू घट्ट बसलेला असेल तर तो इथे हमखास निसटतो. षटकोनी खाचेच्या ॲलन किंवा सहा टोकांच्या चांदणीसारख्या खाचेच्या टॉर्क्स स्क्रूवर मात्र हेच हत्यार सर्वात भरवशाचं. बिटचा मागचा भाग पाव इंची षटकोनी, म्हणजे 6.35 मिलिमीटरचा असतो, त्यामुळे पुढे कुठल्याही कंपनीचे बिट चालतात. घेताना दाते किती ते विचारा. 72 दात्यांच्या रॅचेटला पुढची टिक पकडायला 5 अंश पुरतात, 24 दात्यांच्याला 15. बाजूला भिंत असली की हा फरक हाताला लगेच कळतो. चांगला तीन-चारशेपासून पुढे मिळतो.

झेडबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाव फेरी, काढा, दुसरं टोक लावा, पुन्हा पाव फेरी. बोटं दुखतात. शिलाई मशीनखाली किंवा भिंतीला चिकटलेल्या फळीमागे दुसरं काही शिरतच नाही तेव्हा तोच कामाला येतो. एरवी दोनशे रुपये वाचवा.

तुमची अडचण स्क्रूची नसून नटाची असेल, तर निर्णय वेगळा. स्कूटरवरच्या 6 मिलिमीटरच्या बोल्टांना सहसा 10 नंबरचा पाना लागतो. इथे आखूड दांड्याचा, एका बाजूला रिंग आणि दुसऱ्या बाजूला उघडं तोंड असलेला पाना घ्यावा. उघडं तोंड दांड्याशी 15 अंश कलतं केलेलं असतं, ते उगीच नव्हे. नट फिरवायला एरवी 60 अंश जागा लागते. पण दर वेळी पाना पालथा केला, की तिरपेपणामुळे 30 अंशांत काम होतं. घट्ट नट मात्र आधी रिंगने सैल करा, नाहीतर कोपरे जातात.

स्विचबोर्डाचं काम असेल तर आधी मेन बंद करा आणि टेस्टरने खात्री करून घ्या. बुटक्याची प्लॅस्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण नव्हे, आणि आखूड दांड्यामुळे बोटं तारांच्या फार जवळ जातात.

शक्य असेल तर ही खरेदी हातात घेऊन करा, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत. घरातला एक स्क्रू खिशात न्या. टोक खाचेत बसवून, हत्यार आडवं धरून हलवून बघा. स्क्रू लटपटला तर तो नग परत ठेवा, दुसरा मागा.