सव्वादोन लाखांची जुनी पिकअप, छोटा हत्ती, नवी गाडी की भाडं?

बोलेरो पिकअप, 2013 चं मॉडेल, मीटरवर तीन लाख, मालक सव्वादोन लाख म्हणतोय. तेवढ्याच पैशात वयाने लहान असलेला छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, मिळतो. शोरूमवाला म्हणतो, नवी घ्या, हप्ता बसवून देतो. आणि घरात कुणीतरी म्हणतंच, आजवर भाड्याने भागलं ना, मग गाडीच्या भानगडीत कशाला पडायचं? नारायणगाव-ओतूर भागातल्या टोमॅटोवाल्यापुढे असतो तोच पेच नर्सरीवाल्यापुढे आणि फॅब्रिकेशनवाल्यापुढेही असतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी किती फिरली याची चौकशी सगळे करतात. तुम्ही ती वर्षाला किती फिरवणार, हे फार थोडे जण मोजतात, आणि खरं उत्तर तिथे असतं.

मोजून बघू. पुढचे आकडे अंदाजाने धरलेले आहेत, तुमच्या भागातले घालून पुन्हा करा. घर ते मार्केट जाऊन-येऊन 60 किलोमीटर, भाड्याची खेप 1,500 रुपये, डिझेल 90 रुपये लिटर, अ‍ॅव्हरेज 12, गाडी स्वतः चालवणार. जुनी पिकअप 2,25,000 ची. घेतल्या घेतल्या टायर, बॅटरी, क्लच, ब्रेक आणि सगळी ऑइलं यात 60,000 जातातच. जाणार नाहीत म्हणणारा एकतर नशीबवान किंवा एजंट. तीन वर्षांनी ती दीड लाखाला गेली तर वर्षाला 45,000 ची घट. थर्ड पार्टी विम्याचा दर 2022 च्या दरपत्रकात साडेसात टनांपर्यंतच्या भाड्याच्या मालवाहू गाडीला 16,049 रुपये आहे, जीएसटी वेगळा, म्हणजे 17,000 धरा. हा दर वजनावर ठरतो, गाडीच्या वयावर नाही. गाडी स्वस्तात पडली म्हणून तो कमी होत नाही. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी), टॅक्स, पीयूसी मिळून 8,000, वर्षभराची दुरुस्ती 40,000. बेरीज 1,10,000.

एका खेपेला डिझेल पाच लिटर, म्हणजे 450 रुपये. भाड्याच्या तुलनेत खेपेमागे 1,050 वाचले. एक लाख दहा हजार भरून निघायला वर्षाला साधारण 105 खेपा लागतात, आठवड्याला दोन. तुमच्या खेपा याहून बऱ्याच कमी असतील, हंगामाचे दोन महिने धावपळ आणि एरवी शांतता असेल, तर सरळ भाड्याची गाडी सांगा. स्वतःच्या गाडीची हौस असेल तर तो खर्च हौसेच्या खात्यात मांडा, धंद्याच्या नको.

नवीचं गणित वेगळं आहे. दहा लाखांची गाडी, आठ लाख कर्ज, पाच वर्षं, 10 टक्के व्याज, तर हप्ता 17,000 च्या आसपास. पाच वर्षांत व्याजच सव्वादोन लाखांच्या जवळ जातं, म्हणजे जुन्या पिकअपची अख्खी किंमत. वर्षाला लाखभर घट, व्याजाचे 44,000, पूर्ण विमा आणि सर्व्हिसिंग धरलं की दोन लाखांच्या घरात खर्च येतो. जुनीपेक्षा नव्वद हजार जास्त. त्याबदल्यात मिळतं काय, तर पहाटेच्या लिलावाला माल वेळेवर पोहोचेल याची बऱ्यापैकी खात्री. गाडी रोज दीडशे किलोमीटर पळणार असेल, वाशी किंवा पुण्याच्या गुलटेकडी मार्केटची लाइन लावायची असेल, तर ती खात्री नव्वद हजारांना महाग नाही, कारण इतक्या वापरात जुनीची दुरुस्ती 40,000 वर थांबत नाही. एखाद्या वर्षी इंजिन उघडावं लागलं की दोघींतला फरक तिथेच मिटतो.

पण टोमॅटोने मार खाल्लेल्या महिन्यातही हप्ता 17,000 चाच असतो. जुनी पिकअप तेव्हा दारात उभी राहते, तिला विमा-पासिंगपलीकडे काही लागत नाही. शेतमालावर घर चालणाऱ्याला हा फरक कागदावरच्या नफ्यापेक्षा मोठा वाटतो, आणि त्यात काही चूक नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की जुन्या गाडीला बहुतेक जण फक्त थर्ड पार्टी काढतात, म्हणजे चोरी झाली किंवा उलटली तर सगळं नुकसान आपलं.

आता छोटा हत्ती. टाटाने 2005 साली ‘एस’ बाजारात आणली तेव्हा तिच्यात दोन सिलेंडरचं 702 सीसीचं इंजिन होतं, ताकद 16 हॉर्सपॉवर, भार पाऊण टन. पिकअपमध्ये चार सिलेंडरचं 2,523 सीसीचं इंजिन आणि मॉडेलनुसार सव्वा ते पावणेदोन टन भार. वीस किलोचा क्रेट धरला तर कायद्याच्या वजनात हत्तीवर 37 क्रेट बसतात, 1.3 टनाच्या पिकअपवर 65. गावातल्या गावात किराणा, पाण्याचे जार, मंडपाचं सामान असेल तर हत्ती उत्तम. डिझेल कमी पितो, गल्लीत वळतो, पार्ट कुठेही मिळतात. पण जुना हत्ती भरून माळशेज चढवणं म्हणजे मागच्या वाहनांच्या शिव्या खाणं आहे. घाट असेल तर हा पर्याय मी बादच करतो. मधल्या मापाची अशोक लेलँडची ‘दोस्त’ही आहे, तीन सिलेंडर, सव्वा टन, जवळ तिचं काम जाणणारा मिस्त्री असेल तर जरूर बघा.

समजा खेपा पुरेशा आहेत आणि जुनी पिकअपच घ्यायची आहे. मग मीटरपेक्षा गाडीने आधी काय वाहिलं ते विचारा. कुरिअरच्या लाइनवर तीन लाख पळालेली गाडी वाळू-विटांवर सव्वा लाख पळालेलीपेक्षा मी आधी निवडीन. हायवेवर एकसारख्या वेगात इंजिन कमी झिजतं. ओव्हरलोडने मात्र पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), मागच्या एक्सलचं हाउसिंग, क्लच आणि चॅसिस सगळंच म्हातारं होतं. दूध संकलनाच्या गाडीचं इंजिन बरं असतं, पण रोजच्या धुण्याने हौद्याचा पत्रा खालून सडलेला असतो. मासळीची गाडी तर हातच लावू नका. बर्फाचं खारट पाणी वर्षानुवर्षं चॅसिसवर गळतं, रंग मारून ते झाकतात, आणि पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटायला लागतात. रत्नागिरी-मालवणकडून आलेली गाडी फारच स्वस्त मिळत असेल तर हातोडीने चॅसिस वाजवून बघा.

मीटर मागे घेतलेलं असू शकतं, हे गृहीतच धरा. क्लच-ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची झिलई आणि ड्रायव्हरच्या बाजूची बसलेली सीट हे मीटरपेक्षा खरं बोलतात.

गाडी बघायला सकाळी जा, आणि आपण येईपर्यंत ती सुरू करू नका असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. बोनेटला हात लावा. गरम लागला तर मालकाला कारण विचारा. थंड इंजिन एका दमात सुरू व्हायला हवं. ऑइल भरायचं झाकण चालू गाडीवर उघडा. धुराचे भपकारे येत असतील तर पिस्टन-रिंगा संपल्या, इंजिनकामाचे पैसे किमतीतून वजा करा किंवा निघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गार असतानाच रेडिएटर उघडून तेलाचा तवंग दिसतो का पाहा. चॅसिसवर, विशेषतः मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ, वेल्डिंग दिसलं तर भाव करत बसू नका. पाट्यांत कंपनीपेक्षा एखादा जास्त घातलेला असेल तर ओव्हरलोडचा पुरावाच मिळाला. आणि रिकामी पळवून काही कळत नाही. क्लच, ब्रेक आणि टर्बो भरलेल्या गाडीत बोलतात, म्हणून डिझेलचे पैसे देऊन माल घालून चढावर न्या. मिस्त्री आपला न्यावा, त्याची मजुरी आपण द्यावी.

मॉडेलच्या वर्षालाही अर्थ आहे. देशभर बीएस-4 हे धुराच्या प्रदूषणाचं मानक आलं 1 एप्रिल 2017 ला आणि त्याहून कडक बीएस-6 आलं 1 एप्रिल 2020 ला. बीएस-4 च्या आधीच्या साध्या पंपाच्या गाड्या तालुक्याचा कुठलाही मिस्त्री उघडतो. कॉमन रेल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन, आली की इंजेक्टर महाग आणि स्कॅनर लागतो. बहुतेक बीएस-6 डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो साफ व्हायला गाडी थोडा वेळ एकसारखी, गरम पळावी लागते. रोज शेत ते गाव चार किलोमीटर करणाऱ्याकडे तो चोंदतो. म्हणजे कमी वापर असलेल्याला नवी डिझेल गाडी दुहेरी महाग. नवीच हवी असेल तर त्याने पेट्रोल किंवा सीएनजीचं छोटं मॉडेल बघावं, पंप जवळ असेल तर.

कागदांत लोक सगळ्यात जास्त अडकतात. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांचं, त्यानंतर दरवर्षी, आणि वय वाढेल तसं शुल्क चढतं. महाराष्ट्रात आठ वर्षांनंतर पर्यावरण करही लागतो. 2013 ची गाडी लवकरच पंधरा वर्षांची होणार, तेव्हा तीन वर्षांनंतरची विक्रीची किंमत मी वर धरली त्याहून कमीच धरा. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून पासिंग, टॅक्स, विमा आणि कर्जाचा बोजा बघा, ई-चलन वेगळं तपासा. आरसीवर एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. चालवायला साधं एलएमव्ही (हलक्या वाहनाचं) लायसन्स साडेसात टनांपर्यंत पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलं आहे, त्यामुळे ‘बॅज नाही’ म्हणून घाबरवणाऱ्या एजंटाला तेवढं सांगा.

विकणारा आणि आरसीवरचा मालक एकच आहे का, हे टोकन देण्याआधी बघा. मध्ये दोन जणांनी नाव न लावता गाडी फिरवलेली असेल तर नाव बदलायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सही मूळ मालकाचीच लागणार, आणि तो कुठे राहतो हे विकणाऱ्यालाही नीट माहीत नसतं. बँकेचा बोजा असेल तर 35 नंबरचा फॉर्म आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. पन्नास हजार मागे ठेवा, नाव लागल्यावर द्या. याला नाही म्हणणाऱ्याची गाडी कितीही चांगली असली तरी ती मी घेणार नाही.