मिरजेतला ओईटीचा क्लास: लिसनिंगसाठी डोळे झाकून लावा, रायटिंगसाठी आधी विचारून घ्या

मी जीएनएम नर्स, मिरजेत मेडिसिन वॉर्डला आहे. यूकेला जायचं म्हणून ओईटीचा, म्हणजे डॉक्टर-नर्स लोकांच्या इंग्रजी परीक्षेचा, स्टेशनकडचा हा संध्याकाळचा क्लास लावला. फी ९ हजार, दोन हप्त्यांत घेतात.

लिसनिंग एक नंबर. इतर ठिकाणी दोनशे फ्रेजल व्हर्बची (क्रियापदाला 'अप', 'आउट' असं काही जोडून होणारे शब्दप्रयोग) झेरॉक्स हातात देतात, प्रत्येकापुढे एकच अर्थ. इथल्या मॅडम एकच व्हर्ब घेतात आणि तास संपेपर्यंत सोडत नाहीत.

'ब्रिंग अप'चंच घ्या. आपल्याला ते बायोडाटातलं माहीत, 'बॉर्न अँड ब्रॉट अप इन सांगली'. मॅडमनी ऑडिओ लावला, त्यात आजोबा म्हणतात, "आय कीप ब्रिंगिंग अप ग्रीन स्टफ." म्हणजे हिरवा बेडका पडतोय. पुढचा पेशंट ब्रेकफास्ट 'ब्रॉट अप' करतो, ती सरळ उलटी. कुणाच्या बायकोनं डॉक्टरांपुढे दारूचा विषय काढला, तेही 'ब्रॉट अप'. आणि डॉक्टर एक्स-रे 'ब्रिंग अप' करायला सांगतात तेव्हा तो फक्त स्क्रीनवर उघडायचा असतो.

खरी गोम पुढे. पेशंटची मुलगी सांगते, "आय गेव्ह हर द टॅब्लेट ॲट एट, बट शी ब्रॉट इट अप." आठची गोळी उलटून पडली. इथं 'ब्रॉट' आणि 'अप'च्या मधे 'इट' घुसतं, त्यामुळे 'ब्रॉट अप' सलग ऐकायची सवय असलेल्या कानाला ते लागतच नाही. वॉर्डात हे निसटलं तर चार्टवर डोस गेल्याची नोंद तशीच राहील आणि गोळी मात्र बेसिनमध्ये. परीक्षेतही लिसनिंगचा पार्ट ए एकदाच ऐकवतात आणि २४ गाळलेल्या जागा भरायच्या असतात.

बोलताना मात्र मॅडम असलं काही वापरायचा आग्रह धरत नाहीत. 'व्हॉमिट' म्हणा, चालतं. हे मला फार पटलं. स्पीकिंगच्या दोन्ही रोल प्लेमध्ये पेशंट त्याच होतात आणि चांगलंच छळतात. आमच्यातली एक "आय पास्ड आउट इन २०१८" म्हणाली, तर मॅडम गंभीर चेहऱ्यानं, "मग शुद्धीवर कधी आलीस?"

आता तक्रार. रायटिंगचं लेटर तपासून हातात पडेपर्यंत आपण काय लिहिलं होतं तेच विसरायला होतं, आणि शेरा काय, तर 'इम्प्रूव्ह'. यूकेच्या एनएमसीला (तिथं नर्सची नोंदणी करणारी संस्था) रायटिंगमध्ये सी प्लस ग्रेड चालतो, बाकी तिन्हींत बी लागतो, म्हणून निभावतं. पण ज्यांचं लिखाण कच्चं आहे त्यांनी लेटर किती दिवसांत तपासून मिळेल, ते पैसे भरण्याआधीच ठरवून घ्यावं. स्पीकरही खरखरतो, मागच्या बाकावर बसू नका.

नाइट लागली तर सकाळच्या बॅचला बसू देतात. फक्त आदल्या दिवशी मेसेज टाकावा लागतो.